सी मधल्या गेममध्ये केळीचा घड आकाशी दिसतोय, वर तिरका पण. कोणी सांगेल का?

घड_मोजणारा (सावदा), रविवार रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. सुट्टीत भाची आलीय, तिच्यासाठी सी मध्ये एक छोटा गेम करतोय. वरून केळीचे घड येतात, कच्चा घड ट्रकमध्ये टाकायचा आणि पिकलेला टोपलीत. डॉसबॉक्स (जुनं डॉस चालवणारा प्रोग्राम) मध्ये टर्बो सी हा जुना कंपायलर वापरतो, कॉलेजात तेच शिकलो. व्हीजीए या जुन्या ग्राफिक्स कार्डाचा मोड १३एच, म्हणजे ३२० बाय २०० आणि २५६ रंग.

चित्रं स्वतः काढतो, ८ बिट बीएमपी फाइल, म्हणजे पिक्सेलमागे एक बाइट. वाचताना आधी ५४ बाइटचं हेडर, मग २५६ रंगांचं पॅलेट म्हणजे रंगांची यादी, रंगामागे ४ बाइट. त्यातले पहिले तीन जसे आले तसे चारने भागून कार्डाला रंग द्यायच्या पोर्ट ९६९ वर पाठवतो. बीएमपीत ओळी खालून वर असतात हे माहीत होतं, ते सरळ करून घेतलंय.

आता अडचण. मातीचं चित्र ६४ बाय १६ आहे, ते सरळ येतं पण माती निळसर दिसते. घडाचं चित्र ५० बाय ३८ आहे, ते असं तिरकं येतं की जणू वाऱ्याने बाग आडवी झालीय. आणि केळी चक्क आकाशी! गंमत म्हणजे पानं बरोबर हिरवी आहेत. सगळेच रंग चुकले असते तर समजलो असतो, पण फक्त पानं बरोबर कशी? तीन रात्री गेल्या. घडाची फाइल ३०५४ बाइटची आहे, उपयोग असेल तर.

एरंडोलकर, रविवार रात्री १०:५२

आकाशी केळीला भाव काय मिळाला भो? 😄 उत्तर मला येत नाही, पण धागा बघत बसतो.

चाळीसगाव_लोकल, रविवार रात्री ११:१५

भाऊ, हेडर स्ट्रक्टमध्ये, म्हणजे एका साच्यात सगळं एकदम वाचतोयस का? मला याच गोष्टीने आठवडाभर छळलं होतं. बीएमपीचं पहिलं हेडर १४ बाइटचं. त्यात आधी २ बाइटचा आकडा आणि लगेच ४ बाइटचा. जीसीसी कंपायलर त्या दोघांच्या मध्ये २ बाइट मोकळे सोडतो, मग स्ट्रक्टचा साइजऑफ (आकार) १६ येतो आणि पुढचं सगळं दोन घरं सरकतं. मध्ये जागा सोडू नको असं सांगणारं प्रॅग्मा पॅक १ लिहिलं आणि सुटलो.

घड_मोजणारा, रविवार रात्री ११:२१

नाही भाऊ, मी बाइट बाइट वाचतोय, स्ट्रक्ट नाहीच. आणि टर्बो सी मध्ये साइजऑफ १४ च येतो, आत्ताच बघितलं. पण हे लिहून ठेवतो, पुढे कामाला येईल.

भुसावळ_यार्ड, सोमवार सकाळी ६:३०

फाइलचा आकार दिलास हे फार चांगलं केलंस बेटा. त्यातच उत्तर आहे. वही घे आणि माझ्याबरोबर मांड.

हेडर ५४. पॅलेट २५६ गुणिले ४, म्हणजे १०२४. बेरीज १०७८. चित्र ५० गुणिले ३८, म्हणजे १९००. एकूण २९७८ व्हायला पाहिजे. तुझी फाइल आहे ३०५४. म्हणजे ७६ बाइट जास्त. ओळी किती? ३८. ७६ भागिले ३८ किती? २. प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन बाइट कोणीतरी जास्तीचे ठेवलेत.

बीएमपीचा नियमच तो आहे. प्रत्येक ओळीची लांबी ४ च्या पटीत लागते. ५० ला ४ ने भाग जात नाही, म्हणून ५२ केले आणि दोन भरतीचे बाइट टाकले. तू ५० वाचून पुढची ओळ सुरू करतोस, तेव्हा मागच्या ओळीचे उरलेले दोन बाइट पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येतात. तिसऱ्या ओळीला चार, चौथ्या ओळीला सहा. म्हणून तिरकं. मातीचं चित्र ६४ चं, त्याला ४ ने भाग जातो, भरती नाही, म्हणून ते सरळ. ओळ ५२ ची वाच, ५० च काढ.

रंगाचं सोपं आहे. बीएमपीच्या पॅलेटमध्ये क्रम निळा, हिरवा, लाल आणि चौथा बाइट रिकामा. व्हीजीएला पाहिजे लाल, हिरवा, निळा. तू जसे आले तसे पाठवलेस, त्यामुळे लाल आणि निळ्याची अदलाबदल झाली. केळीचा पिवळा म्हणजे लाल भरपूर, हिरवा भरपूर, निळा शून्य. अदलाबदल केलीस की लाल शून्य, निळा भरपूर, झाला आकाशी. पानात लाल आणि निळा दोन्ही नगण्य, इकडचे तिकडे झाले तरी फरक काय पडणार? हिरवा मध्यभागीच राहिला. म्हणून पानं बरोबर.

घड_मोजणारा, सोमवार सकाळी ७:०५

काका!!! चालू झालं. दोन ओळींचा बदल. घड सरळ उभा आहे आणि पिवळा आहे, देठाकडे जरा हिरवट छटा दिलेली, ती पण दिसतेय. भाची उठली की दाखवतो. तुमचे उपकार फेडू तरी कसे?

पांझराकाठ (धुळे), सोमवार सकाळी ९:४०

अभिनंदन भाऊ. पण मनापासून विचारतो, हे सगळं कशासाठी? एसडीएल ही ग्राफिक्सची लायब्ररी घे. एका फंक्शनने बीएमपी लोड होतं, भरतीचे बाइट, उलट्या ओळी, निळा-लाल क्रम सगळं ते बघतं. पॅलेटची कटकटच नको, ३२ बिट रंग वापर. आज कोणाच्या मशीनवर २५६ रंगांची मर्यादा आहे? पोरांना टर्बो सी शिकवतात याचाच मला राग आहे. ३० वर्षांपूर्वीचा कंपायलर, त्यात इंट दोन बाइटचा, ६४ केबीच्या वर एक ॲरे घेता येत नाही. यातून शिकलेलं पोरगं नोकरीला गेलं की सगळं नव्याने शिकतं.

अमळनेरची_मास्तरीण, सोमवार दुपारी २:१०

पांझराकाठ दादा, कंपायलरबद्दल तुमचं म्हणणं मान्य. पॅलेटबद्दल मात्र मी भांडणार.

मी शाळेत चित्रकला शिकवते आणि सुट्टीत मुलांकडून छोटे गेम करून घेते. पॅलेट मी त्यांना रांगोळीच्या डब्यांनी समजावते. अंगणात ठिपके काढले, प्रत्येक घरात आकडा लिहिला. ३ म्हणजे तिसऱ्या डब्यातला रंग. आता घरातला आकडा न बदलता तिसऱ्या डब्यातली लाल पूड काढून पिवळी भरली, तर सगळी रांगोळी एका दमात बदलली. पडद्यावरच्या पिक्सेलमध्ये रंग नसतोच, डब्याचा नंबर असतो. हे एकदा मुलांच्या डोक्यात बसलं की ती भराभर पुढे जातात.

आणि मर्यादेतून रंग बघायची सवय लागते. ३२ बिटमध्ये मुलं लाखो रंगांतून हवा तो उचलतात आणि चित्र गढूळ होतं. मी त्यांना म्हणते, केळी पिकताना बघा आणि फक्त आठ डबे भरा. गर्द हिरवा, मग तो हिरवा ज्याच्या कडा फिक्या पडल्यात, मग पोपटी, मग पोपटीत पिवळा शिरलेला, मग टोकाला हिरवं राहिलेला पिवळा, मग निव्वळ पिवळा, मग जरा नारिंगीकडे झुकलेला, आणि शेवटी तपकिरी ठिपके. आठ डब्यांचा हा क्रम ओळीने ठेवला की गेममध्ये घड पिकवणं किती सोपं! चित्र तेच. पिक्सेलच्या आकड्यात १ मिळवला की घड एक दिवस पिकला.

काळ्या मातीला मी चारच डबे देते, पण त्यातला एकही निव्वळ काळा नसतो. पाणी दिल्यावरची काळी आणि मे महिन्यात भेगाळलेली काळी यांत जांभळट आणि राखाडी एवढा फरक आहे. आपल्याकडच्या माणसाला तो लगेच कळतो.

पांझराकाठ, सोमवार दुपारी ३:००

ताई, घड पिकवायची युक्ती खरंच सुंदर आहे. हे मी ३२ बिटमध्ये करायला गेलो तर आठ चित्रं काढावी लागतील. एवढ्यापुरतं माघार. एसडीएलमध्येही ८ बिटचा सरफेस (चित्राची जागा) ठेवून त्याला पॅलेट देता येतं, म्हणजे दोन्ही होतं. टर्बो सी वरचा राग मात्र कायम.

भुसावळ_यार्ड, सोमवार रात्री ८:४५

धुळेकर, तुमचा राग चुकीचा नाही. पण या पोराला आज फाइलच्या पोटात काय असतं ते कळलं. एसडीएलने ते पोट झाकून ठेवलं असतं.

व्हीजीए आलं १९८७ मध्ये, आयबीएमच्या पीएस/२ मशीनबरोबर. आम्ही शिकलो ते नव्वदच्या दशकात, एका खोलीत सहा मशीन आणि बाहेर चपला काढायच्या. त्या कार्डात रंगाच्या प्रत्येक घटकाला फक्त ६ बिट, म्हणजे ० ते ६३. ६४ चा घन २,६२,१४४. एवढ्या रंगांतले कुठलेही २५६ एका वेळी. फाइलमध्ये मात्र ० ते २५५ असतात, म्हणून ४ ने भागायचं. मी पहिल्यांदा भागलंच नव्हतं. उजाडतानाचं आकाश काढलं होतं, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत सलग. पडद्यावर काय आलं? चार वेळा उजाडलं आणि चार वेळा अंधारलं. कार्ड वरचे दोन बिट टाकून देतं ना, ६३ नंतर ६४ आला की पुन्हा शून्य. मास्तर मागे उभे होते, म्हणाले एका दिवसात चार सूर्योदय झाले.

नव्या लोकांसाठी क्रम लिहून ठेवतो. दशमान आकडे देतोय, सी ला चालतात. पोर्ट ९६८ वर डब्याचा नंबर लिहायचा, मग ९६९ वर तीनदा, लाल, हिरवा, निळा. तीन झाले की कार्ड आपोआप पुढच्या डब्यावर जातं, नंबर परत लिहायची गरज नाही. आणि एखाद वेळी दोनच लिहिले गेले तर तिथून पुढचे सगळे रंग एक घर सरकतात. पहिला रंग बरोबर आणि पुढचे सगळे चमत्कारिक दिसले तर तिथे बघा.

सातपुडा_सावली (शहादा), सोमवार रात्री ९:३०

माझा किस्सा. पोळ्याला बैल सजवायचा गेम केला होता. नियम असा ठेवला की ज्या पिक्सेलमध्ये शून्य आहे तो काढायचाच नाही, म्हणजे बैलाच्या भोवतीची चौकट आरपार दिसेल. बैल झकास आला, झूल, शिंगांना रंग, सगळं. पण डोळे नाहीत! डोळ्यांच्या जागी मागची नदी वाहतेय. काळा रंग माझ्या पॅलेटमध्ये शून्य नंबरला होता आणि डोळे काळे.

तेव्हापासून पॅलेटमध्ये आरपार आणि काळा वेगळे ठेवतो. शून्याला आरपार, आणि एकाला खरा काळा. चित्र काढतानाच शून्य नंबरला भडक गुलाबी ठेवतो, म्हणजे कुठे आरपार राहिलंय ते डोळ्याला टोचतं.

एरंडोलकर, सोमवार रात्री ९:३४

बैलना डोयामा तापी वाहस, हाई तं कविता शे भो ❤️

चाळीसगाव_लोकल, सोमवार रात्री १०:००

आता चित्र लोडच होत नाही, काळा पडदा दिसतो, अशांसाठी लिहितो. माझ्याकडे हे तीन वेळा झालंय, तिन्ही वेळा कारण वेगळं.

एकदा फाइलचं नाव लांब होतं. डॉसला नावात आठ अक्षरं आणि नंतर तीन, एवढंच समजतं. माझं बारा अक्षरी नाव डॉसबॉक्सला सहा अक्षरं, वेडीवाकडी रेघ आणि १ असं दिसत होतं. फाइल उघडणाऱ्या एफओपन ने शून्य पॉइंटर दिला, म्हणजे फाइल उघडलीच नाही, मी तो तपासलाच नव्हता.

दुसऱ्यांदा नदीचं चित्र. नाव तापी, म्हणजे इंग्रजी टी ने सुरुवात. पूर्ण पत्ता लिहिला होता आणि फोल्डरनंतर एकच उलटी तिरकी रेघ. सी मध्ये उलटी रेघ आणि पुढे टी म्हणजे टॅब! माझा प्रोग्राम टॅब आणि मग आपी अशा नावाची फाइल शोधत होता. दोन उलट्या रेघा दिल्या आणि तापी सापडली. मी फाइलच खराब आहे असं धरून बसलो होतो.

तिसऱ्यांदा मित्राने जेपीजीचं नाव बदलून बीएमपी केलं होतं. आता मी आधी पहिले दोन बाइट छापतो. बीएमपी असेल तर ६६ आणि ७७ च येतात, बी आणि एम. जेपीजी असेल तर २५५ आणि २१६. पीएनजी असेल तर १३७ आणि मग ८०.

अमळनेरची_मास्तरीण, सोमवार रात्री १०:२०

टॅब आणि आपी 😄 उद्या वर्गात हेच उदाहरण.

पुण्यातला_खान्देशी, सोमवार रात्री ११:४५

मूळ विषय सोडून लिहितोय, माफ करा. केळी, काळी माती, पोळा वाचून घरची आठवण झाली. हिवाळ्यात शेतात काटक्यांवर वांगी भाजून भरीत, सोबत कळण्याची भाकरी, आणि कोणीतरी गेम करावा ज्यात वांगं किती भाजलं हे रंगावरून ओळखायचं. ताईंच्या आठ डब्यांसारखंच, हिरव्या वांग्यापासून कोळशापर्यंत.

सातपुडा_सावली, मंगळवार सकाळी ८:१०

आणि फटकन साल फुटायचा आवाज पाहिजे. मी करतो. वांगी कुठली घेऊ, बामणोदची?

भुसावळ_यार्ड, मंगळवार सकाळी ८:३०

बामणोदचीच. यात विचारायचं काय?

घड_मोजणारा, गुरुवार रात्री १:१५

मंडळी, पुन्हा अडकलो आणि या वेळी काहीच समजत नाही.

ताईंचे आठ डबे घेतले, घड पिकायला लागला, भाची खूश. तिने सांगितलं, मामा, जास्त पिकलेल्याला ठिपके काढ ना. मी ठिपक्यांसाठी तपकिरी रंग नवा टाकला. पॅलेटमध्ये ० ते २५ भरलेले होते, त्यापुढचा २६ नंबर दिला. सेव्ह केलं, चालवलं, आणि ठिपकेवाला घड अर्धाच येतो. खालचा भाग एकदम बरोबर. मध्यापासून वर नुसत्या उभ्या रेघा, पावसाच्या धारांसारख्या. फाइल बरोबर ३०५४ बाइटची आहे. चित्रकारीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर घड पूर्ण दिसतो. बाकीचे सगळे घड नीट लोड होतात, त्याच फंक्शनने. पाच तास झाले.

पांझराकाठ, गुरुवार सकाळी ९:००

मेमरी संपली असेल भाऊ. ३२० गुणिले २०० चा मागचा पडदा ठेवलास तर तेच ६४,००० बाइट. वर चित्रं. मेमरी मागणारा फारमॅलॉक शून्य देतोय का बघ.

घड_मोजणारा, गुरुवार सकाळी ९:२०

बघितलं. फक्त हे एकच चित्र लोड केलं तरी तसंच. मेमरी भरपूर उरतेय.

चाळीसगाव_लोकल, गुरुवार सकाळी ९:४५

बाइट ठेवायला कॅर वापरलास की अनसाइन्ड कॅर? साधा कॅर १२७ च्या वर उणे होतो. मी पीसीएक्स ही दुसऱ्या प्रकारची चित्रं वाचताना हेच केलं होतं. त्यात बाइट १९२ किंवा जास्त असेल तर तो पुढच्या रंगाची संख्या सांगतो. साध्या कॅरमध्ये १९२ कधी येतच नाही, त्यामुळे माझी अट कधीच खरी होत नव्हती.

घड_मोजणारा, गुरुवार सकाळी १०:०५

अनसाइन्डच आहे. आणि माझे आकडे २६ च्या वर जातच नाहीत.

भुसावळ_यार्ड, गुरुवार सकाळी ११:००

अंदाज पुरे. फाइल वाचणारा एफरीड काय परत देतो ते प्रत्येक ओळीला छाप आणि जसंच्या तसं इथे लिही. ५२ मागतोस, ५२ मिळतात का?

घड_मोजणारा, गुरुवार दुपारी १२:३०

काका, छापलं. सतरा ओळी ५२, ५२, ५२. अठराव्या ओळीला २१. त्यानंतर सगळे शून्य. म्हणजे पुढे वाचलंच जात नाही, आणि माझ्या बफरमध्ये तीच जुनी ओळ राहते, तीच वर वर छापली जाते. म्हणून उभ्या रेघा! एवढं समजलं. पण फाइल संपलेली नसताना वाचणं का थांबतं?

अजून एक. मी चित्र मोठं करून खालून मोजत गेलो. अठरावी ओळ, बाविसावा पिक्सेल. तिथे पहिला ठिपका आहे.

पांझराकाठ, गुरुवार दुपारी १२:४१

थांब थांब थांब. एफओपन मध्ये दुसरं काय दिलंयस? नुसतं आर की आरबी?

घड_मोजणारा, गुरुवार दुपारी १२:४४

नुसतं आर.

पांझराकाठ, गुरुवार दुपारी १२:५८

सापडलं! हे मी विंडोजवर भोगलंय म्हणून लगेच ओळखलं. नुसतं आर म्हणजे फाइल मजकूर म्हणून उघडली. डॉस आणि विंडोजवर मजकूर म्हणून वाचताना २६ हा बाइट आला की लायब्ररी समजते फाइल संपली. तुझा ठिपका म्हणजे बाइट २६. एकवीस बाइट वाचले, बाविसावा २६ आला, दुकान बंद. आतापर्यंत २५ च्या पुढे गेलाच नव्हतास म्हणून चाललं. बी म्हणजे बायनरी, आरबी लिही. दुसरा धोका पण त्यातच आहे. मजकूर म्हणून वाचताना १३ आणि १० शेजारी आले तर १३ गिळला जातो आणि पुढचं सगळं एक पिक्सेल सरकतं. लिनक्सवर यातलं काहीच होत नाही, म्हणून तिथे लिहिलेला कोड इकडे आणून बरेच जण फसतात.

भुसावळ_यार्ड, गुरुवार दुपारी १:२०

वा धुळेकर, वा! मला सुचलं नाही, खरं सांगतो.

२६ च का, तेही सांगतो. तो कंट्रोल आणि झेड. झेड हे इंग्रजीतलं सव्विसावं अक्षर. डॉसच्या आधी सीपी/एम नावाची सिस्टीम होती. तिच्यात फाइल किती बाइटची हे लिहिलेलंच नसायचं, फक्त १२८ बाइटचे तुकडे किती एवढंच. मग शेवटच्या तुकड्यात मजकूर कुठे संपला हे कळायला तिथे कंट्रोल-झेड ठेवायचे. डॉसने ती चाल उचलली. आम्ही कॉपी कॉन ही कमांड देऊन फाइल लिहायचो आणि शेवटी एफ६ दाबायचो, तेव्हा पडद्यावर टोपी आणि झेड यायचं. तोच हा. चाळीस-पन्नास वर्षांची खूण सावद्याच्या केळीवर ठिपका होऊन आली.

घड_मोजणारा, गुरुवार दुपारी १:३२

एक अक्षर. बी. पूर्ण घड आला, ठिपक्यांसकट. बाहेर ऊन मी म्हणतंय, लाइट दोनदा गेली, आणि मी एकटाच हसतोय. पांझराकाठ दादा, काका, ताई, सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आता एफरीडने जेवढे मागितले तेवढे दिले नाहीत तर प्रोग्राम थांबून ओळ नंबर सांगेल, हे आजच सगळ्या फंक्शनांत घालतोय.

एरंडोलकर, गुरुवार दुपारी १:३६

बठ्ठा धागा वाचा मी. आते माले बी येस बीएमपी वाचता 💪

अमळनेरची_मास्तरीण, गुरुवार संध्याकाळी ६:१५

खूप आनंद झाला. आता एक पुढचं. माती, ट्रक आणि घड यांच्या फाइलींत प्रत्येकी वेगळं पॅलेट असेल तर जे चित्र शेवटी लोड होईल त्याचं पॅलेट सगळ्यांवर बसेल आणि ट्रक केळीच्या रंगाचा होईल. एकच पॅलेट सगळ्या चित्रांना वापरा. आणि मागे तापी दाखवणार असाल तर आठ डबे पाण्याला द्या. दर काही फ्रेमला त्या आठ डब्यांतले रंग एकेक घर पुढे सरकवा, शेवटचा पहिल्यात. पिक्सेलला हात न लावता पाणी वाहतं. २४ बाइट बदलायचे, बस. सुट्टीतल्या वर्गात मुलं हे बघून उभी राहतात.

भुसावळ_यार्ड, गुरुवार संध्याकाळी ७:००

त्यात भर. रंग बदलायच्या आधी पोर्ट ९८६ वाचून ८ शी अँड कर, म्हणजे फक्त तो एक बिट बघ, आणि तो लागेपर्यंत थांब. त्या क्षणी पडद्याचा झोत खालून वर परत जात असतो. मध्येच रंग बदललेस तर एकाच फ्रेममध्ये वर जुनी तापी आणि खाली नवी दिसते.

घड_मोजणारा, शनिवार रात्री ९:५०

तापी वाहतेय. काकांनी सांगितल्याप्रमाणे थांबून बदलतो, पाणी एकदम मऊ दिसतं. भाचीने आज ६२ घड भरले, तिला ठिपकेवाले लगेच ओळखू येतात. माझे बाबा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, चौथा आणि पाचवा रंग उलटे लावलेस. त्यांनी शेतातून दोन केळी आणून टेबलावर ठेवलीत, त्यावरून आता डबे परत भरतोय. झालं की फाइल इथे देतो. ताई, तुमच्या वर्गाला पण पाठवू का?

अमळनेरची_मास्तरीण, शनिवार रात्री १०:०५

पाठवा, वाट बघते. बाबांच्या क्रमाचंच पॅलेट पाठवा.